डाव्या अंगाचा हिरवा पट्टा

घरात मळलेली कणीक कमी भरली की मी मांजराला बोल लावत न्हाई. तडक बैठकीत जाते. तिथं खिडकीपाशी आमचे हे, फौजेतले रिटायर दफादार आबासाहेब, माझ्या कणकेच्या करंगळीएवढ्या वळ्या करून रणगाड्याला चिकटवत बसलेले असतात.

"आहो, ती पोळ्यांची कणीक हाय!"

"म्हणूनच घेतली. ज्वारीचं पीठ चिकटत न्हाई."

आता ह्याच्यावर काय बोलावं माणसानं? मी उरलेल्या कणकेच्या पोळ्या लाटते आन् ह्यांना एक कमी वाढते. हिशेब तिथंच मिटतो.

रणगाडा म्हणजे खराखुरा न्हाई बरं का. दोन्ही हातांत मावंल एवढा, प्लास्टिकचा. आमची प्रियांका पुण्याला नोकरीला हाय, तिनं दिवाळीच्या सुमाराला खोक्यात घालून पाठवला. खोकं उघडलं तर आत नुसते तुकडे. मी म्हणलं, बाई, वाटंत फुटला की काय! तर म्हणे तो तसाच येतो. आपणच जोडायचा, आपणच रंगवायचा. पैसे देऊन फुटकी वस्तू आणायची आन् वरून मेहनत बी आपलीच. पण लेकीनं बरोबर नाडी पकडली होती. ती पुण्याला गेल्यापासून घर खायला उठायचं, ह्यांचं कशातच मन लागंना. खोकं आलं आन् ह्यांना जेवायला हाका मारायची पाळी आली.

माणूस मूळचा ह्या पेडगावचाच. बापाची कोरडवाहू जमीन, खाणारी तोंडं लय. मिसरूड फुटलं न फुटलं तोच परभणीला भरती निघाली आन् हे शेतातल्या कपड्यांवरच जाऊन उभे राहिले. छाती भरली, घेतलं. तोवर बैलगाडी हाकलेली, तिथं थेट रणगाडा हातात दिला. सारी नोकरी त्याच्यातच गेली. अजून त्याला रणगाडा म्हणत न्हाईत, 'गाडी' म्हणतात. ट्रॅक्टर घेतला तर तो रोज लिंबाखालीच, तोंड रस्त्याकडं करून उभा करायचा. मी विचारलं, कामून? तर म्हणे वरून दिसू नये. पेडगावच्या ट्रॅक्टरला विमानातून कोण बघायलंय, देव जाणे!

त्या गाडीत ह्यांचा जोडीदार होता पालमचा भगवानराव. हे चालवणार, तो तोफ डागणार. झाकण लावलं की चालवणाऱ्याला समोरच्या बारक्या फटीतून दिसंल तेवढंच दिसतं म्हणे. डावं न्हाई, उजवं न्हाई. मंग वरून भगवानराव सांगायचा, "बाएँ, और बाएँ, रोक," आन् हे नुसत्या त्या आवाजावर एवढं मोठं धूड अरुंद पुलावरून पार न्यायचे. सुट्टी मिळाली की दोघं जोडीनंच गावाकडं यायचे, एकमेकांच्या घरी राहायचे. मला 'वैनी वैनी' करून असा जीव लावला, माझ्या सख्ख्या भावानं लावला न्हाई.

आन् तो माणूस वर्ष झालं बोलंना. फोन केला तर उचलायचा न्हाई. काय बिनसलं ते ह्यांना बी ठाऊक न्हाई. हे वरून दगडावानी राहायचे, पण फोन वाजला की आधी नाव बघायचे आन् मंग तोंड पाडून उचलायचे. मला काय कळत न्हाई व्हय? एक दिवस आपणहून म्हणले, "सुमन, ही गाडी पुरी करतो. आमच्या गाडीला जसा रंग होता, हुबेहूब तसा देतो. पोळ्याला घेऊन पालमला जातो. मला तोंडानं काही जमत न्हाई. गाडी पुढ्यात ठेवली की तो बोलंल."

"पोळ्यालाच कामून?"

हे गालात हसले. "ते त्याला ठाऊक हाय."

झालं! माझ्या डोक्यात किडा सोडून दिला आन् स्वतः गुमान स्पंज कापत बसले.

मला तर आधी तो रंगच कळंना. रंग दिसायसाठी असतो का लपायसाठी? आपण पोळ्याला बैल रंगवतो तो गावानं बघावा म्हणून. शिंगाला बेगड, पाठीवर ठिपके, अंगावर गेरूचे पंजे. हे तर आधी साऱ्या गाडीला वाळूचा रंग देणार, त्याच्यावर माझ्या कणकेच्या वळ्यांचं नागमोडी कुंपण घालणार, आन् कुंपणाच्या आत स्पंजच्या तुकड्यानं हिरवा टिपणार. वाळला की वळ्या काढायच्या. वळी गोल असती, म्हणून तिच्याखाली रंग जरासा सरकतो आन् कड मऊ येती. ती तशीच पाहिजे म्हणे. मी म्हणलं, "एवढं देखणं करायचं आन् कुणाला दिसू नये म्हणायचं. हे कसलं खूळ?"

"लाव पैज," हे म्हणले. उजवी बाजू तेव्हा नुकतीच झाली होती, संक्रांत जवळ आलेली. मला स्वयंपाकघरात पाठवलं आन् गाडी परसात कुठंतरी नेऊन ठेवली. "शोध आता."

मी शोधली हो! तुळशीमागं, सरपणात, कोथिंबिरीच्या वाफ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात. येड्यावानी वाकून वाकून कंबर मोडली. हे दारात उभं राहून हसायलेले. शेवटी म्हणले, "पायाखाली बघ." माझ्या पायापासून हातभरावर, वाळक्या गवतात, गाडी उघडीच उभी होती. वर काडी सुदीक झाकलेली न्हाई. मी वाकून बोट लावून बघितलं.

"डोळा आधी वस्तूची कड शोधतो," हे मला समजावू लागले. "कड सापडली की वस्तू सापडली. रंगानं वस्तू झाकत न्हाई, कड मोडती. बस, एवढंच."

त्या दिवसापासून मला बी नाद लागला. भाजी निवडायला मी बैठकीतच बसू लागले. खोक्यात एक चित्राचा कागद होता, कुठं वाळू, कुठं हिरवा ते दाखवणारा. अक्षर इंग्रजी, पण चित्र तर आपल्याला कळतं. मी ताडून बघितलं. तर उजव्या अंगाला, तोफेच्या घुमटावर, ह्यांनी एक रुंद हिरवा पट्टा काढलेला. चित्रात त्याचा पत्ता न्हाई.

"हा कुठून आला?"

"आमच्या गाडीला होता."

"कामून होता?"

"होता."

"दोन्ही अंगांना?"

"हौ." आन् स्पंज धुवायला उठले.

उजवी बाजू अशी झाली की बघत राहावं. डावी काही होईना. हे रंग टिपायचे, बोटानं चाचपायचे, खिडकीशी नेऊन नाकाजवळ धरायचे, आन् थिनरचा बोळा घेऊन सारं पुसून काढायचे. पुन्हा वाळू, पुन्हा माझी कणीक, पुन्हा पुसणं. होळी गेली, पाडवा गेला. थिनरच्या वासानं माझं डोकं उठलं. चांगला होता की, कशाला पुसला, असं म्हणावं तर तसं बी न्हाई. खरंच बिघडलेला असायचा. हिरवा कुंपणाबाहेर सांडलेला, मधेच कुठं टिपलेलाच न्हाई. मला वाटलं, खऱ्या गाडीची उजवी बाजू ह्यांनी रंगवली असंल, डावी भगवानरावानं. म्हणून ती ह्यांना आठवंना.

आषाढ लागला तशी चिडचिड वाढली. चहाचा कप लवंडला तर, इथं कुणी ठेवला, म्हणून माझ्यावर ओरडले. फाटकाच्या खांबाला ट्रॅक्टर घासला तर खांब रोवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. मी काय ऐकून घेणारी न्हाई. म्हणलं, "खांब आपल्या लग्नाच्या आधीपासून तिथंच हाय!" त्या दिवशी जेवले न्हाईत. संध्याकाळी बघितलं तर गाडी मांडीवर घेऊन नुसते बसलेले, स्पंज बाजूला पडलेला. माझा राग कुठल्या कुठं गेला. पोळा तोंडावर आला होता आन् ह्या माणसाची गाडी काही पालमला जायचं चिन्ह दिसंना.

मी ठरवलं, आपणच जावं. डावी बाजू कशी होती ते भगवानरावाला विचारावं आन् त्याच्या रुसव्याचं बी एकदाचं कळून घ्यावं. माझं माहेर गंगाखेडला. माहेरी जाते म्हणून निघाले आन् गंगाखेडहून पुढं पालमची एसटी धरली.

भगवानराव वट्ट्यावर फवारणीचा पंप खोलून बसला होता. मला बघून ताडकन उठला. चेहरा आधी फुलला, मंग माझ्यामागं कुणी न्हाई हे बघून उतरला. "आबा न्हाई आला?"

"तुमी फोन उचलत न्हाई, ते कशाला येतील?"

त्याच्या मालकिणीनं पाणी दिलं, चहा टाकला. मी म्हणलं, भांडण मागून करू, आधी मला त्या हिरव्या पट्ट्याचं सांगा. पट्टा म्हणताच भगवानराव असा हसायला लागला की पंपाचा नळा हातातून पडला.

"वैनी, तो पोळा हाय पोळा!"

झालं होतं असं. राजस्थानात सराव चालू, आन् पोळा आला. साऱ्या तुकडीत परभणीचे हे दोघंच. गावाकडं आज खांदमळणी असंल, उद्या बैल सजतील, म्हणून दोघांना लय कसंसं व्हायला लागलं. हे म्हणले, "बैल न्हाई तर न्हाई. रोज जिच्या जिवावर फिरतो ती गाडी तर हाय." मंग काय! खांदमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, तर ह्यांनी गाडीच्या पुढच्या कडेला ग्रीस चोळलं आन् हात जोडून म्हणले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तंबूपाशी दगड रंगवायला आणलेला गेरू होता. पण वाळवंटात पाणी मोजून मिळायचं. रंगाच्या सामानात जवसाचं तेल होतं, ते घेतलं आन् त्याच्यात गेरू कालवला. उजव्या अंगाला ह्यांनी पंजा उमटवला, डाव्या अंगाला भगवानरावानं. उद्या फडक्यानं पुसून टाकू, कुणाला कळतंय!

"अगं बाई, तेलात?" मी म्हणलं. पोरीबाळींना बी कळतं, गेरू पाण्यात भिजवतात म्हणून.

"सकाळी साहेब तपासणीला आला ना! आमी पुसायला गेलो तर पंजा पसरून ताटाएवढा झाला. आबानं हिरव्याचा डबा आणला आन् दोन्ही अंगांना पट्टे ओढले. साहेब म्हणला, ये पट्टा नक्शे में कहाँ है? आबा छाती काढून म्हणतो, साब, इससे गाड़ी और छुपती है! साहेब लांब जाऊन बघून आला आन् म्हणला, ठीक है." भगवानरावानं डोळे पुसले. "त्या गाडीचा पट्टा पुढं कुणी पुसला न्हाई. आमचे पंजे खालीच राहिले."

त्याचं हसू ओसरू दिलं. मी म्हणलं, आता रुसव्याचं सांगा. तर मान खाली घालून म्हणला, "मागच्या उन्हाळ्यात झरीला लग्न होतं. आबा मांडवात उभा होता. मी जवळ गेलो, राम राम घातला. वाजंत्री लय मोठ्यानं, म्हणलं ऐकू आलं नसंल. हात पुढं केला. आबानं तोंड फिरवलं, पलीकडच्या माणसाशी बोलत बसला. माझा हात तसाच राहिला, वैनी. चार लोकांनी बघितलं."

ह्यांनी असं करावं? मला पटंना. काय की, माझ्या मनात काय आलं, मी विचारलं, "भाऊजी, तुमी कोणत्या अंगाला होता?"

"हे काय विचारणं झालं? डाव्या."

चहाचा कप डाव्या अंगाला होता. फाटकाचा खांब डाव्या अंगाला. परवा दाराची चौकट लागली ती बी डाव्याच खांद्याला. म्हणजे ह्यांना डावं दिसतच न्हाई! पण डावा डोळा गेला असंल तरी उजवा हाय की, रंग तर समोर धरून द्यायचा, मंग त्याचं काय? मी भगवानरावाच्या मालकिणीकडून सुई-दोरा मागितला. ती बघतच राहिली. एक डोळा झाकला आन् दोरा ओवायला गेले. सुई तर पुढ्यात दिसायली, पण दोरा कधी अलीकडंच फिरायचा, कधी पलीकडं जायचा. टेकला का न्हाई तेच कळंना. डाव्या बाजूवर ह्यांचा स्पंज बी असाच चुकत असणार. मी सुई खाली ठेवली.

भगवानराव माझ्याकडं टक लावून बघत होता. तोफेवरचा माणूस तो, नजरेचं त्याला काय सांगावं लागतंय! "वैनी, आबाची नजर..."

"मी काही बोलले न्हाई," मी म्हणलं. ह्यांची गोष्ट, ह्यांनी सांगावी. "मी आवतण द्यायला आले. पोळ्याला पेडगावला जेवायला या."

घरी आले ती सरळ ह्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. हातात पाण्याचा तांब्या धरला. ह्यांना पत्ताच न्हाई. हाक मारली तेव्हा दचकले. मंग जे पेटले! पाळत ठेवतीस का, मला आंधळा ठरवतीस का. मी बी आवाज चढवला, "ठरवत न्हाई, बघितलंय! आन् तुमी माझ्यापासून लपवलंत!" बोलता बोलता मला रडू फुटलं. हे खाली बसले. हळूच म्हणले, "कुणाला कळलं तर ट्रॅक्टरला हात लावू द्यायचे न्हाईत म्हणून गप राहिलो."

परभणीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू. डावा गेलेला, तो परत येत न्हाई म्हणले. उजव्याला थेंब घालत राहिलं तर तो टिकंल. मी विचारलं, एवढा डोळा गेला आन् माणसाला कळलं कसं न्हाई? तर डॉक्टर म्हणले, ह्याच्यात आधी कडेची नजर जाती, मधली मागून. संक्रांतीला उजवी बाजू रंगवताना मधली शाबूत असंल, म्हणून ती साधली. हे माझ्याकडं बघून कसनुसं हसले. "कड मोडली की झालं," म्हणले.

थेंब घालायचं काम मी घेतलं. पण एक अट घातली ह्यांनी. "भगवानला कळू द्यायचं न्हाई. माझ्या नजरेच्या भरवशावर तो चालत्या गाडीत झोपायचा." मी हौ म्हणलं. ह्यांनी डाव्या बाजूला पुन्हा हात लावला न्हाई. नुसता वाळूचा रंग, उघडा. पालमला जायचं नाव बी काढलं न्हाई. पालमला गेल्याचं, झरीच्या मांडवातलं मी ह्यांना सांगितलं होतं, पण आवतण दिल्याचं तेवढं सांगितलं न्हाई. येईल का न्हाई, माझंच मला ठाऊक नव्हतं.

पोळ्याला आमच्याकडं आता मातीचेच बैल असतात. पाटावर मांडले, गेरू भिजवला, पुरण वाटलं. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "आबा!"

हे असे उभे राहिले की खुर्ची मागं पडली. गळ्यात पडून रडले म्हणून सांगितलं असतं, पण तसं काही झालं न्हाई. भगवानराव म्हणला, "फुगलास." हे म्हणले, "तू वाळलास." आन् दोघं बाजेवर बसले. भगवानराव फिरून मुद्दाम ह्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसला. माझ्या ध्यानात आलं.

गाडी समोर होती. भगवानरावानं उचलली, उजवी बाजू बघितली, डोळे मोठे केले. मंग डावी बघितली. ती उघडी कामून हे विचारलंच न्हाई त्यानं. "वैनी, गेरू हाय का? पाण्यातला हाय ना?"

मी वाटी दिली. एवढ्याशा घुमटावर पंजा कुठला मावायला! त्यानं अंगठा बुडवला आन् डाव्या अंगाला टेकवला. लाल, ओला ठसा. "तू बी लाव आबा."

"माझा लावलेला हाय," हे म्हणले. "उजव्या पट्ट्याखाली. संक्रांतीलाच."

म्हणजे एवढे महिने माझ्या नाकासमोर होता आन् मला दिसला न्हाई! बाई गं.

ठसा वाळू दिला. मंग भगवानराव म्हणला, "झाक आता. साहेब यायच्या आत."

ह्यांनी स्पंज हिरव्यात बुडवला. हात उचलला आन् गाडीजवळ नेऊन थांबवला. पुढं न्हाई, मागं न्हाई. तेवढ्यात डाव्या अंगानं भगवानरावाचा आवाज आला, हळू, एकदम साधा. "बाएँ."

ह्यांचा हात सरकला.

"और बाएँ. रोक. दबा."

स्पंज टेकला. बरोबर ठशावर. "थोड़ा आगे. रोक. दबा." ह्यांनी गाडीकडं बघायचंच सोडून दिलं, नुसतं ऐकत राहिले. हात असा चालला, थरथर न्हाई का चूक न्हाई. कणकेची वळी बी लागली न्हाई. पट्टा घुमटाच्या टोकापर्यंत गेला.

"अंगठा दिसायलाय का?" ह्यांनी विचारलं.

भगवानरावानं वाकून बघितलं. "न्हाई."

ह्यांनी स्पंज खाली ठेवला. मंग म्हणले, "भगवान, मला बी दिसायला न्हाई. डावा डोळा गेलाय माझा. झरीला हात पुढं केलास म्हणे?" त्याच घडीला ह्यांनी मान पुरती डावीकडं वळवली आन् त्याला समोर धरून बघितलं. "मला दिसला न्हाई रे."

"आता ठाऊक हाय," भगवानराव म्हणला. "म्हणून तर ह्या अंगाला बसलो."

ह्यांनी हिरव्या रंगाचाच हात पुढं केला आन् भगवानरावानं तो गेरूच्या हातात धरला. तव्यावर माझी पोळी करपायली होती, वास येत होता, पण मला काही उठवंना.